टॉर्क तोच, तरी नव्या नटरनरचा हिसका जुन्या गनपेक्षा जास्त का बसतो?

प्रश्न — जुळणी_विभाग, गोकुळ शिरगाव

नमस्कार. आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या घरांची जुळणी होते. वरचे झाकण ८ बोल्टांनी बसते. बोल्ट एम-१० (१० मिलिमीटर व्यासाचे), ताकदीची प्रत ८.८, आणि ड्रॉइंगवर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, ५० न्यूटन-मीटर दिलेला आहे. झाकणाखाली कागदी पॅकिंग असते. एका पाळीत साधारण ११० जॉब निघतात, म्हणजे एका माणसाच्या हातून ८८० वेळा बोल्ट आवळला जातो.

गेल्या वर्षापर्यंत आम्ही अर्ध्या इंचाच्या इम्पॅक्ट गनने बोल्ट बसवून घेत होतो आणि नंतर क्लिक टॉर्क रेंचने (ठरलेल्या टॉर्कला 'क्लिक' करणाऱ्या हातपान्याने) अंतिम आवळणी करत होतो. पुण्याकडच्या ग्राहकाने प्रत्येक बोल्टच्या टॉर्कची नोंद मागितल्यामुळे आम्ही कंट्रोलरसह विजेवर चालणारा काटकोनी नटरनर, म्हणजे ठोके न देता बोल्ट सलग फिरवून आवळणारे हत्यार, घेतला. त्याची मूठ स्पिंडलच्या (बोल्ट फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून ४५० मिलिमीटरवर येते. नोंदी उत्तम मिळतात, ग्राहक समाधानी आहे, आवाजही पूर्वीच्या मानाने काहीच नाही. परंतु महिन्याभरात जुळणीच्या टेबलावरच्या चौघांपैकी तिघांनी मनगट आणि खांदा दुखत असल्याचे सांगितले, आणि गेल्या पंधरवड्यात एकाची करंगळी मूठ आणि कास्टिंगचा कान यांच्यामध्ये चिमटली. हाड वाचले, पण नख गेले.

मला न उलगडलेली गोष्ट अशी की हत्यार बॅलन्सरला टांगलेले आहे, म्हणजे वजन हातावर नाही. टॉर्क पूर्वीइतकाच आहे. मग त्रास वाढला का? पुरवठादाराच्या माणसाने दोन टप्प्यांची आवळणी लावून दिली होती: ५ न्यूटन-मीटरपर्यंत ४०० फेरे प्रतिमिनिट आणि तिथून ५० पर्यंत ३० फेरे. तक्रारी आल्यावर मी दुसऱ्या टप्प्याचा वेग ३० वरून १०० केला, कारण लवकर संपले तर त्रास कमी होईल असा माझा समज होता. झाले उलटेच. आधी "हात ओढला जातो" अशी तक्रार होती, ती आता "हात फेकला जातो" अशी झाली. पुन्हा ३० वर आणून ठेवले आहे. काही कामगार जुनी इम्पॅक्ट गन परत मागत आहेत आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही. कमी हिसक्याची हत्यारे म्हणून बाजारात जी विकली जातात, त्यांचा आमच्यासारख्या कामाला खरोखर उपयोग होतो का?

उत्तर — प्रक्रिया_अभियंता, कागल पंचतारांकित

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, म्हणून आधी आकड्यांकडे पाहू. ५० न्यूटन-मीटर भागिले ०.४५ मीटर म्हणजे मुठीवर १११ न्यूटन, सुमारे ११ किलोचा रेटा. हा रेटा कोणतेही सरळ फिरवणारे हत्यार देणारच. बोल्टला जितका पीळ दिला तितकाच उलटा पीळ हत्याराच्या अंगाला बसतो आणि तो कोणी तरी पेलावा लागतो. बॅलन्सर फक्त वजन पेलतो, पीळ पेलत नाही. बॅलन्सर लावला की हाताची काळजी मिटली, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता क्लिक रेंचचा विचार करा. तिथेही शेवटी तेवढेच बल लागत होते, कदाचित जास्तच. परंतु ते बल कामगार स्वतः लावत होता: पाय रोवून, अंगाचा भार टाकून, आपल्याला हव्या त्या क्षणी. नटरनरमध्ये बल माणूस लावत नाही, ते माणसावर लागते, आणि कधी लागणार हे हत्यार ठरवते. इम्पॅक्ट गनमध्ये तर हातोडा ऐरणीवर आपटून पीळ तयार होतो. प्रत्येक आपट इतका थोडा वेळ टिकते की तिचा उलटा पीळ मुठीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. तिच्यात कंपन आणि आवाज भरपूर असतो, अचूकता कमी असते, पण हिसका नसतो. आपले कामगार ती परत मागतात याचे कारण हेच आहे, आणि त्यात त्यांचे काहीही चुकलेले नाही.

खरा मुद्दा वेळेचा आहे. झाकण टेकल्यापासून पूर्ण टॉर्क येईपर्यंत बोल्ट किती अंश फिरतो, हे कंट्रोलरच्या आलेखावर पाहा. पॅकिंग असल्यामुळे तो साधारण ९० अंश असावा असे मी धरतो. ३० फेरे प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला १८० अंश, म्हणजे पीळ शून्यावरून शिखरापर्यंत चढायला अर्धा सेकंद लागतो. एवढ्या वेळात स्नायूंना प्रतिकार करता येतो, म्हणून हात फेकला जात नाही. परंतु तो अर्धा सेकंद संपूर्ण भार खांद्याने ओढून धरावा लागतो, आणि तेही पाळीत ८८० वेळा. आपण वेग १०० केला तेव्हा सेकंदाला ६०० अंश झाले आणि चढणीला दीडशे मिलीसेकंद उरले. ही सर्वांत वाईट जागा आहे. हिसका जाणवून स्नायू आवळले जाईपर्यंत साधारण दीडशे ते दोनशे मिलीसेकंद जातात. म्हणजे पीळ शिखरावर पोहोचतो तेव्हा हात नुकताच जागा होत असतो, आणि प्रतिकार सुरू होतो तेव्हा हत्यार बंद झालेले असते. मूठ जास्तीत जास्त सरकते ती याच पट्ट्यात.

याच्याही पुढे गेलात, म्हणजे चढण ५० मिलीसेकंदांच्या आत आणलीत, तर चित्र पुन्हा बदलते. इतक्या थोड्या वेळात हत्याराचे स्वतःचे वस्तुमानच बराचसा धक्का गिळते आणि हाताला फक्त एक टिचकी जाणवते. नवीन विद्युत हत्यारांमधल्या कमी हिसक्याच्या पद्धती याच तत्त्वावर चालतात. दुसरा मंद टप्पा काढून टाकायचा, वेगातच बोल्टवर जायचे, फिरत्या मोटरमध्ये साठलेली ऊर्जा शेवटच्या आवळणीला वापरायची आणि लक्ष्य ओलांडण्याआधी मोटर नेमकी थांबवायची. अॅटलस कॉप्कोने अशा पद्धतीला टर्बोटाइट असे नाव दिले आहे. इतर कंपन्यांच्या कंट्रोलरमध्ये ती दुसऱ्या नावांनी असते. आपल्या कंट्रोलरमध्ये अशी सोय आधीपासून असेल आणि कोणी चालू केली नसेल, अशी बरीच शक्यता आहे. नवे हत्यार घेण्यापूर्वी ते विचारून घ्या.

आणखी एक. हत्याराचा हिसका मोजण्यासाठी आयएसओ ६५४४ हे मानक १९८१ पासून आहे, आणि त्यात केवळ उलट्या पिळाचे शिखर नव्हे तर पीळ गुणिले वेळ, म्हणजे आवेगही मोजला जातो. पुरवठादार फक्त "कमाल टॉर्क" सांगत असेल तर त्याला आवेगाचा आकडा मागा. आपल्या ३० फेऱ्यांच्या मांडणीत सरासरी २५ न्यूटन-मीटर गुणिले अर्धा सेकंद म्हणजे साडेबारा न्यूटन-मीटर-सेकंद होतात. हीच आवळणी ५० मिलीसेकंदांत झाली तर सव्वा होईल. टॉर्क तोच आहे, हाताला पोहोचणारे दहापट कमी आहे.

उत्तर — हवा_आणि_तेल, शिरोली

मी देखभाल विभागात आहे, म्हणून दुसऱ्या रस्त्याबद्दल लिहितो. इम्पॅक्ट गन आणि नटरनर यांच्या मध्ये ऑइल पल्स गन नावाचा प्रकार आहे. तिच्यात हातोड्याऐवजी तेलाने भरलेले एक कुपीसारखे युनिट असते. मोटर ते फिरवते, प्रत्येक फेऱ्यात तेल क्षणभर कोंडले जाते आणि काही मिलीसेकंदांचा पिळाचा ठोका बोल्टला बसतो. धातूवर धातू आपटत नसल्यामुळे इम्पॅक्टच्या मानाने आवाज आणि कंपन कमी, आणि ठोके अगदी तोकडे असल्यामुळे हिसका नगण्य. पिस्तूल मुठीची असल्यामुळे ती एका हातात मावते. ५० न्यूटन-मीटरचा सरळ फिरवणारा पिस्तुली नटरनर आधाराशिवाय हातात धरता येणार नाही, पण पल्स गन धरता येते.

मात्र ही गन आणली की तिची सेवा करावी लागते, आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते. युनिटमधले तेल गरम होते, पातळ होते, थोडे थोडे गळते. तेल उतरले की टॉर्क उतरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. आमच्याकडे सुरुवातीला तेल बदलण्याचे वेळापत्रक नव्हते. टॉर्क घसरतोय हे आम्हाला कळले ते ग्राहकाकडून झाकण पाझरल्याची तक्रार आल्यावर. त्यानंतर आम्ही प्रत्येक गनला क्रमांक दिला, आवळण्यांची संख्या मोजायला लागलो आणि तेल त्या हिशेबाने बदलतो.

दुसरी गोष्ट हवेची. ही हत्यारे ६.३ बारला चालतील असे धरून बनवलेली असतात. हा दाब कंप्रेसरच्या टाकीवर नव्हे, तर हत्याराच्या तोंडाशी आणि तेही ट्रिगर दाबलेला असताना हवा असतो. मी एकदा टी-जोड घालून गेज थेट हत्याराजवळ लावला. टाकीवर ७ बार, लायनीत ६.५, आणि ट्रिगर दाबला की ४.८. कारण शोधताना सापडले की कोणी तरी ८ मिलिमीटरची नळी दोनदा जोडून लांबवली होती आणि मधले क्विक कपलर अर्धे चोंदले होते. क्लच असलेली गन कमी दाबावर रडतखडत का होईना ठरलेल्या टॉर्कला सुटते, फक्त वेळ जास्त लावते, आणि वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे जास्त वेळ म्हणजे हाताला जास्त त्रास. पल्स गन मात्र कमी दाबावर टॉर्कच कमी देते.

आणि पावसाळा विसरू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लायनीतून अक्षरशः पाणी येते. ड्रायर नसेल तर निदान लायनीला उतार द्या, प्रत्येक टोकाला पाणी सोडण्याचा कॉक ठेवा आणि फांद्या मुख्य नळीच्या वरच्या बाजूने काढा. हवेच्या मोटरमधल्या व्हेन (पाती) गंजल्या की गनचा वेग पडतो आणि मग कामगार म्हणतो की "गन हाताला लागते". तो खरेच बोलत असतो, फक्त कारण तीस फूट मागे असते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — जुळणी_विभाग

दोघांचेही आभार. आलेख काढून पाहिले. नव्या पॅकिंगवर टेकल्यापासून ५० पर्यंतचा कोन ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान येतो, म्हणजे साहेबांचा अंदाज बरोबर निघाला. कंट्रोलरमध्ये वेगवान पद्धत आहे. ती चालू करण्यासाठी पुरवठादाराला बोलावले आहे. पण आमच्या दर्जा विभागाची हरकत अशी की पॅकिंग असलेल्या जोडावर इतक्या वेगाने गेलो तर पॅकिंग नंतर बसते आणि बोल्ट सैल पडतो. ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर — आटे_आणि_वायसर, इचलकरंजी रस्ता

भीती खरी आहे, आणि मी वरच्या पहिल्या उत्तराशी या एका मुद्द्यावर पूर्ण सहमत नाही. हत्याराच्या चाचणीसाठी जे आयएसओ ५३९३ मानक आहे त्यात कठीण आणि मऊ असे दोन जोड वेगळे धरले आहेत, ते उगाच नाही. कारखान्यातल्या बोलीत टेकल्यापासून सुमारे ३० अंशांत टॉर्क आला तर तो कठीण जोड, आणि दोन पूर्ण फेरे, म्हणजे ७२० अंश लागले तर मऊ. आपला ९० अंशांचा जोड मधला आहे, पण तो तसाच राहत नाही. पॅकिंगला दबायला वेळ लागतो. ५० मिलीसेकंदांत टॉर्क गाठला तर कंट्रोलर हिरवा दिवा दाखवील आणि दोन मिनिटांनी शेजारचे बोल्ट आवळल्यावर पहिल्या बोल्टमधला ताण उतरलेला असेल. मंद गतीने आवळताना तो दबण्याचा काही भाग आवळणीतच उरकतो.

यावर उपाय वेग कमी करणे हा नाही, दोन फेऱ्यांत आवळणे हा आहे. सर्व ८ बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आधी २५ न्यूटन-मीटरला घ्या, मग त्याच क्रमाने ५० ला. दुसऱ्या फेरीत पॅकिंग बरेचसे दबलेले असते, त्यामुळे कोन ३०-४० अंशांवर येतो. मधला जोड कठीण होतो आणि वेगवान पद्धत खऱ्या अर्थाने तिथे लागू पडते. एक अडचण मात्र आहे. दुसऱ्या फेरीत हत्यार आधीच २५ ला आवळलेल्या बोल्टवर स्थिर स्थितीतून सुरू होते, त्याला वेग घ्यायला जागा मिळत नाही आणि थांबलेले घर्षण तोडावे लागते, त्यामुळे हिशेब कागदावर दिसतो तितका सरळ उतरत नाही. कंट्रोलरमध्ये आधी आवळलेला बोल्ट ओळखून "दोष" दाखवण्याची सोय असेल, तर दुसऱ्या फेरीसाठी ती वेगळ्या कार्यक्रमात बंद करावी लागेल, नाही तर प्रत्येक बोल्टवर लाल दिवा लागेल.

कोनाबद्दलही सांगतो, कारण पुढच्या लेखापरीक्षेत हा प्रश्न येईल. नटरनर स्पिंडल आपल्या स्वतःच्या अंगाच्या तुलनेत किती फिरले ते मोजतो. हिसक्याने मूठ १० अंश मागे गेली तर ते १० अंश बोल्टच्या खात्यावर पडतात. म्हणजे आपल्या नोंदीतला ८० ते ९५ अंशांचा फरक हा सगळा पॅकिंगचा नसून काही कामगाराच्या मनगटाचाही असू शकतो. काही नव्या हत्यारांत जायरो (फिरणे मोजणारा संवेदक) बसवून मुठीची हालचाल वजा केली जाते. ते नसेल तर कोनाच्या मर्यादा फार आवळून ठेवू नका. सकाळच्या आणि पाळीच्या शेवटच्या तासाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा. थकलेल्या हाताचा कोन वाढलेला दिसला तर नवल वाटू देऊ नका.

आता एक गोष्ट, जिच्याकडे कोणी वळत नाही. ५० न्यूटन-मीटर हे साध्य नाही, साध्य आहे बोल्टमधला ताण. टॉर्क म्हणजे गुणांक गुणिले व्यास गुणिले ताण. कोरड्या, साध्या बोल्टला हा गुणांक साधारण ०.२० धरतात; १० मिलिमीटर व्यासाला ५० न्यूटन-मीटर म्हणजे २५ किलोन्यूटन ताण मिळतो. लावलेल्या पिळातला साधारण दहा ते पंधरा टक्केच भाग ताणात जातो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतो. घर्षण कमी करणारा लेप असलेले बोल्ट घेतले आणि गुणांक ०.१५ झाला, तर तोच २५ किलोन्यूटन ताण साडेसदतीस न्यूटन-मीटरला मिळतो, आणि मुठीवरचा रेटा १११ वरून ८३ न्यूटनवर येतो. हत्यार न बदलता हिसका चौथाईने कमी. परंतु हा बदल ग्राहकाच्या लेखी संमतीने, ड्रॉइंगवरच व्हायला हवा. कृपया स्वतःच्या मनाने बोल्टला तेल लावून ५० ला आवळू नका: तसे केल्यास ताण ३३ किलोन्यूटनच्या पुढे जातो, आणि एम-१० च्या ८.८ प्रतीच्या बोल्टची प्रमाण भारमर्यादा (कायमचा न ताणला जाता तो पेलतो तो भार) सुमारे ३३.६ किलोन्यूटन आहे. मी एका कारखान्यात चांगल्या हेतूने ठेवलेली ग्रीसची डबी अशीच उचलून नेलेली आहे.

राहिला इम्पॅक्ट गनचा प्रश्न. जर्मन मार्गदर्शिका व्हीडीआय २८६२ जोडांचे तीन वर्ग करते: जिवाला धोका असलेले, यंत्र बंद पडेल असे, आणि फक्त गैरसोय करणारे. आपले झाकण निसटून कोणी मरणार नाही, पण तेल गळून गिअरबॉक्स बसेल; म्हणजे मधला वर्ग. त्याला इम्पॅक्ट गन अंतिम आवळणीसाठी चालणार नाही. बोल्ट खाली आणायला हवी असेल तर वापरा, पण तेव्हा ती टेकण्यापूर्वीच थांबली पाहिजे, आणि हाताने ते दररोज ८८० वेळा जमत नाही.

उत्तर — उद्यमनगर_फॅब्रिकेशन

आम्ही रिअॅक्शन आर्म करून देतो, म्हणून थोडे लिहितो. जाहिरात समजू नये. आर्म म्हणजे हत्यार पकडणारा असा हात जो वर-खाली, पुढे-मागे मोकळा सरकतो, पण गोल फिरत नाही. पीळ त्याच्यातून खांबाकडे जातो आणि माणसाच्या हाती फक्त हत्यार बोल्टवर नेण्याचे काम उरते. ५० न्यूटन-मीटरला आणि ८८० आवळण्यांना माझ्या मते आर्म हाच सरळ रस्ता आहे, बाकीची चर्चा त्यानंतर.

पहिला आर्म आम्ही दीड इंची पाइपचा केला होता. मजबूत होता, हत्ती बांधला असता तरी चालले असते. महिन्याभरात कामगारांनी तो भिंतीकडे वळवून ठेवला. कारण असे की पीळ नव्हता, पण ८८० वेळा तो जड पाइप ओढायचा आणि नेमका बोल्टवर थांबवायचा. खांदा त्यानेही दुखतो. त्यानंतर आम्ही अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि रेषीय बेअरिंग वापरायला लागलो; कार्बन फायबरचे तयार आर्म महाग असतात, पण हातात घेतल्यावर पैसे कशाचे ते कळते. आर्म घेताना एकच परीक्षा करा: हत्यार लावून एका बोटाने ढकला. बोटाने जात नसेल तर कामगार तो वापरणार नाही.

खांब टेबलाला बोल्टने लावू नका. पन्नास न्यूटन-मीटर कुठे तरी जाणारच. ते टेबलात गेले की टेबल हळूहळू हलायला लागते आणि महिन्याभरात जॉबची जागा बदलते. खांब जमिनीत घ्या. आणि जॉब मोकळा ठेवू नका: हत्यार उलटे फिरू पाहते तितक्याच जोराने जॉब सुलट फिरू पाहतो. काही ठिकाणी मी जॉब एका हाताने दाबून धरलेले पाहिले आहेत.

आपल्याकडे ८ बोल्ट गोलात असतील तर झाकणाच्या पलीकडच्या बोल्टसाठी माणूस वाकत असेल. फिरते टेबल करून घ्या. ४५ अंशांवर खाच, खाली पायाने दाबायचा लॉक. बोल्ट माणसाकडे आला पाहिजे, माणूस बोल्टकडे नव्हे. लॉक पायानेच हवा, कारण हाताने लावायचा लॉक तिसऱ्या दिवशी कोणी लावत नाही.

उत्तर — जुळणी_टेबल_तीन, हातकणंगले

मी स्वतः सहा वर्षे हे काम करते. वरची गणिते मला सगळी कळली असे म्हणणार नाही, पण उभे राहण्याबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते.

काटकोनी गन वरून खाली लावली की आवळताना मूठ घड्याळाच्या उलट दिशेने जाते. मूठ आपल्या उजव्या हाताला ठेवली तर ती आपल्यापासून लांब जाते, डाव्या हाताला ठेवली तर थेट पोटाकडे येते. जवळच्या बोल्टांना मूठ उजवीकडे ठेवणे सोपे असते. पलीकडच्या बोल्टांना मात्र ओणवे होऊन मूठ मिळेल त्या बाजूला ठेवावी लागते आणि मार तिथेच बसतो. आपल्या दादाची करंगळी चिमटली ती पलीकडच्या बोल्टावरच असणार, असे मला वाटते. मूठ लांब जाते तेव्हा बोटे तिच्या पुढच्या बाजूला असतात, आणि त्या बाजूला कास्टिंग असेल तर बोटे मध्ये सापडतात. सापडण्याची जागा आधी बघून ठेवायची आणि तिथे पिवळा रंग मारून घ्यायचा.

माझे वडील शेतावर ऑइल इंजिनाचे हँडल मारायचे. ते नेहमी सांगायचे की अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूला घ्यायचा नाही, चारही बोटांसोबत ठेवायचा. इंजिन उलटे फिरले तर हँडल हातातून सुटून जाते, अंगठा घेऊन जात नाही. गनला तसे धरता येत नाही, ट्रिगर दाबावाच लागतो, पण मुठीवर मी अजूनही अगदी घट्ट आवळून धरत नाही. उंचीबद्दल मात्र साहेबांनी बघावे. आमच्याकडे टेबल उंच माणसाच्या मापाचे होते आणि मला खांदे वर उचलून काम करावे लागायचे. चार इंचाचा लाकडी पाट दिला आणि गन कोपराच्या रेषेत आली. त्यानंतर खांद्याचे दुखणे निम्म्यावर आले. ढगळ हातमोजे घालून फिरत्या सॉकेटजवळ हात नेऊ देऊ नका, ते गुंडाळले जातात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद — जुळणी_विभाग, तीन आठवड्यांनी

काय केले आणि काय झाले ते लिहिणे माझे कर्तव्य आहे.

ताईंचा अंदाज खरा होता. करंगळी पलीकडच्या बोल्टावरच सापडली होती. सर्वांत आधी फिरते टेबल झाले, पायाच्या लॉकसह, आणि दोघांना पाट दिले. त्याच आठवड्यात वेगवान पद्धत चालू केली आणि आवळणी दोन फेऱ्यांत विभागली. पहिल्या फेरीत २५ पर्यंत जाताना हाताला जवळजवळ काही जाणवत नाही. दुसऱ्या फेरीत अजून टिचकी बसते, परंतु "फेकला जातो" हा शब्द पुन्हा ऐकलेला नाही. आवळण्यांची संख्या दुप्पट झाल्यामुळे प्रत्येक जॉबला सुमारे २० सेकंद वाढले, आणि त्यावरून उत्पादन विभागाशी माझे बोलणे झाले. ते इथे लिहिण्यासारखे नाही. फिरत्या टेबलामुळे वाकणे आणि फिरून जाणे वाचले, त्यात त्यातले निम्मे परत मिळाले.

दहा मिनिटांनी डायल रेंचने शिल्लक टॉर्क तपासला, बोल्ट आवळण्याच्या दिशेने हलू लागतो तो क्षण धरून. एका फेरीच्या जुन्या पद्धतीत पहिले दोन बोल्ट नेहमी कमी दाखवत असत. आता आठही एकमेकांच्या जवळ येतात. दर्जा विभागाची हरकत मिटली. सकाळ-संध्याकाळच्या कोनाची तुलनाही केली, आणि जुन्या नोंदींत पाळीच्या शेवटच्या तासाचा कोन खरोखरच मोठा होता. तो कागद मी व्यवस्थापनापुढे ठेवला, आणि आर्मच्या खर्चाला मंजुरी मिळाली ती दुखऱ्या खांद्यांमुळे नव्हे, तर त्या कागदामुळे, हे मला नमूद करावेसे वाटते.

लेप असलेल्या बोल्टांबद्दल ग्राहकाला पत्र पाठवले आहे. उत्तर आलेले नाही. आता एकच शंका उरली आहे. आमच्या टेबलाखालची फरशी जुनी आहे आणि खाली काँक्रीट किती जाड आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आर्मचा खांब तिच्यावर अँकरने बसवावा की फरशी तोडून वेगळा पाया घ्यावा?

उत्तर — उद्यमनगर_फॅब्रिकेशन

एका कोपऱ्यात १२ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून बघा. चार इंच काँक्रीट लागले तर ३०० मिलिमीटर चौरस बेसप्लेट आणि चार अँकर पुरेत. त्याआधीच माती आली, तर फरशी तोडून दीड फूट चौरस, दीड फूट खोल पाया घ्या आणि बोल्ट ओतकामातच सोडा. भोक पाडण्यापूर्वी खालून विजेची नळी जात नाही ना, एवढे मात्र इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या.